डाव उजवीकडे

कारखान्यात त्यांना सगळे सहीसाहेब म्हणत. पद स्टोअरकीपरचं, पण एकतीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय स्टोअरमधून एक वायसरसुद्धा बाहेर पडला नव्हता. चिठ्ठीवर तारीख नाही म्हणून त्यांनी एकदा खुद्द मॅनेजरला दारातून परत पाठवलं होतं. अकरा हजार सुटे भाग आणि चारशे बारा कप्पे त्यांच्या ताब्यात होते. दिवे गेले तरी मागाल तो नट काढून देईन, असं ते म्हणायचे. दिवे दोनदा गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी तो काढून दिला. पाना कुठल्या अंगाने झिजलाय त्यावरून तो कुणी वापरला हेही ते सांगत. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराने सावध व्हायला हवं. घर सावध नव्हतं.

निवृत्तीच्या तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार त्यांच्या हातात आलं. उघडायला गेले तर बिजागरीसकट सरळ हातातच. मागच्या नळाची गळती त्या प्लायवूडने वर्षानुवर्षं निमूटपणे पिऊन घेतली होती आणि आता त्याच्याने उभं राहवत नव्हतं.

"चला," बायको म्हणाली, "आता तरी नवीन करून घेऊ."

'आता तरी' या दोन शब्दांत चौतीस वर्षं होती. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा स्वयंपाकघर सासूबाईंनी मांडलेलं होतं. "पुढेमागे तुझ्या मनासारखं करून घेऊ," असा सहीसाहेबांनी तिला शब्द दिला होता. त्यानंतर पुढे बरंच झालं, मागे बरंच पडलं, आणि तिचं मन तेवढं होतं तिथंच राहिलं.

"मला फार काही नको," ती म्हणाली. "हात जिथं जाईल तिथं वस्तू सापडावी, एवढंच. एकदा तरी."

"त्यालाच स्टोअरकीपिंग म्हणतात," सहीसाहेब म्हणाले आणि नवं रजिस्टर आणायला बाहेर पडले.

पहिले तीन दिवस त्यांनी नुसती पाहणी केली. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकायचं, मांडीवर रजिस्टर घ्यायचं, आणि बायको कुठली वस्तू किती वेळा काढते त्याच्या रेघा मारायच्या. मीठ एकोणीस वेळा. चहाची पत्ती सात. मोठं पातेलं एकदा. वरच्या फळीवरचं केकचं भांडं तीन दिवसांत शून्य, आणि अधिक चौकशी केल्यावर अकरा वर्षांत शून्य. मधूनमधून बायको म्हणायची, "अहो, पाय जरा आत घ्या," की ते पाय आत घेत आणि तीही रेघ मारत.

शेगडी डावीकडच्या भिंतीला अगदी खेटून होती. तिथं उभं राहून ढवळताना बायकोचं कोपर भिंतीला लागायचं आणि ती "स्स" करायची. सहीसाहेब रजिस्टरातून मान वर न करता विचारायचे, "मलम लावलंस का?" मलमाच्या दोन ट्यूब घरात कायम असत, एक वापरातली आणि एक राखीव. पहिली संपत आली की ते तिसरी आणत. चौतीस वर्षांत हा साठा एकदाही शून्यावर गेला नव्हता, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

मग मोजदाद झाली. डबे निघाले बावीस आणि झाकणं एकोणतीस.

"ही सात झाकणं कशाची?"

"असतील कशाची तरी."

"कशाची तरी, असा कप्पा नसतो."

त्यापाठोपाठ धुऊन पुसून ठेवलेल्या जॅमच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या, एकामागे एक, तीन रांगा.

"या कशाला ठेवल्यास?"

"लागतात."

"कधी लागतात?"

"टाकल्या की दुसऱ्या दिवशी."

सहीसाहेबांनी 'भंगार' असा मथळा टाकला आणि खाली बाटल्या लिहायला घेतल्या. तेवढ्यात त्याच फळीच्या मागून पत्र्याचा एक डबा निघाला. त्यात गंजके स्क्रू, अर्धी कात्री आणि कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या चौदा किल्ल्या होत्या. डबा त्यांचा होता. "हे राहू दे," ते म्हणाले, "हे लागतं." बायको नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि बाटल्या वाचल्या.

चौथ्या दिवशी तत्त्वं ठरली. रोजचं सामान कमरेपासून डोळ्यांपर्यंत. आठवड्याचं त्याच्या खाली. वर्षाचं वर, स्टूल लागेल तिथं. जड ते सगळं जमिनीजवळ. खोल कपाट मुळीच करायचं नाही, कारण खोल कपाटात मागे गेलेली वस्तू आणि परगावी गेलेला नातेवाईक, दोघांचीही आठवण ते पुन्हा समोर आले की मगच होते. ओट्याखाली सगळे खणच हवेत, ओढले की पोटातलं सगळं दिसलं पाहिजे. कोपऱ्यात फिरती फळी. यातलं एकही तत्त्व चुकीचं नव्हतं, हे सहीसाहेबांच्या बाजूने सांगायला हवं.

नकाशाही त्यांनीच काढला. खिडकीखाली मधोमध सिंक. डावीकडे शेगडी, आईच्या वेळेपासून होती तिथंच. उजवीकडे चिरायची जागा, तिच्याखाली खण आणि टोकाला उंच कपाट. बायकोने हात पुसत नकाशा बघितला.

"एक सांगू का? माझं जरा उलटं असतं."

"ते मला चौतीस वर्षं माहीत आहे," सहीसाहेब म्हणाले. आपल्याच विनोदावर ते इतके खूश झाले की पुढचं काही ऐकायचं राहूनच गेलं. रजिस्टरात मात्र त्यांनी लिहिलं: 'सूचना मिळाली. नोंद घेतली.'

मिस्त्री आला तो कानावर पेन्सिल लावून. सुतारकामात मुरलेला माणूस, बोलायला महाग. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो माणसाला न देता भिंतीला द्यायचा. सहीसाहेबांनी त्याला नकाशा दाखवला, तत्त्वं वाचून दाखवली, रेघांचा तक्ता समजावला. तो हं हं करत मापं घेत राहिला. शेगडीशेजारच्या भिंतीजवळ येऊन मात्र थांबला. तिथं ओट्याच्या वर वीतभर उंचीवर रंग उडून तळव्याएवढा गुळगुळीत डाग पडला होता.

"इथं काय घासतं?" त्याने भिंतीला विचारलं.

"घरात माणसं राहतात, मिस्त्री. घासणारच."

मिस्त्रीने ओट्यावर पडलेला जुना लाकडी डाव उचलला, उलटा करून त्याची कड बघितली, अंगठा फिरवला आणि परत ठेवला. मग पहिल्यांदाच त्याने माणसाकडे, म्हणजे बायकोकडे बघितलं.

"माझं उलटं आहे हो, मिस्त्री," ती म्हणाली. "म्हणून म्हणत होते, शेगडी जर..."

"शेगडीची जागा ठरलेली आहे," सहीसाहेब म्हणाले. "मिस्त्री, तुम्ही नकाशा बघा."

मिस्त्रीने नकाशा बघितला. कपाटांचे खोके तो आपल्या दुकानात करून आणणार होता आणि इथं येऊन चार दिवसांत बसवणार होता. "खोके काय, कुठंही बसतात," जाताना तो दाराला म्हणाला.

पंधरा दिवसांनी खोके आले. पहिल्याच सकाळी, जड वस्तू खाली का ठेवायची हे मिस्त्रीला समजावून सांगण्यासाठी सहीसाहेबांनी पिठाचं भरलेलं पिंप उचललं. "आता समजा," ते म्हणाले, आणि पिंप त्यांनी छातीपर्यंत नेलं, "समजा, हे वर ठेवायचं म्हटलं, तर काय होईल?"

जे होईल ते लगेच झालं. कमरेत कट् असा आवाज आला आणि सहीसाहेब जिथं होते तिथंच वाकलेले राहिले. मिस्त्रीने पुढे होऊन पिंप धरलं आणि बायकोने सहीसाहेबांना धरलं. तत्त्व सिद्ध झालं होतं, पण मांडणाऱ्याला आडवं करून. डॉक्टरांनी पाच दिवस पडून राहायला सांगितलं.

पलीकडच्या खोलीत ते पडले. मध्ये एक भिंत. भिंतीपलीकडून करवतीचा, ठोकण्याचा, सरकवण्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला सहीसाहेबांच्या जिवाची घालमेल होत होती. बायको म्हणाली, "काय सांगायचं ते मला सांगा, मी मिस्त्रीला सांगते." पण तोंडी निरोपावर सहीसाहेबांचा विश्वास नव्हता. तोंडी निरोपानेच कामं बिघडतात, हे ते एकतीस वर्षं सांगत आले होते. तेव्हा चिठ्ठ्या सुरू झाल्या. कुशीवर वळून, काळ्या पेनने, खाली सही आणि तारीख. पेन काळंच. फोनशेजारी दोरीला बांधलेलं एक निळं पेन होतं, ते त्यांनीच बांधलं होतं, पण ते दुधाच्या आणि धोब्याच्या कामाचं. निळ्या शाईतलं काहीही ते अधिकृत मानत नसत.

'बिजागऱ्या मोजून घ्याव्या.' बायको चिठ्ठी घेऊन जायची आणि सांगत यायची, "घेतल्या म्हणतोय." 'खण क्र. ३ ची मूठ सरळ आहे का? कळवावे.' "आहे म्हणतोय." 'पोच मिळाली.' ही पोच मिळाल्याची चिठ्ठीसुद्धा ती देऊन यायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या अशा चौदा फेऱ्या झाल्या होत्या.

पंधराव्या फेरीला ती पलंगाशी जरा थांबली. "अहो, अजून खोके बसवले नाहीत त्याने. शेगडी तिकडे घेतली तर? माझा हात..."

"कागदावर आलेलं बदलायचं नाही," सहीसाहेब डोळे मिटून म्हणाले. दुखण्यावरच्या गोळीने त्यांना गुंगी येत होती. "तो काय विचारतोय ते सांग."

तिने एक श्वास घेतला. "विचारतोय, डाव, झारे, चमचे यांचा खण कुठं घ्यायचा."

सहीसाहेब कुशीवर वळले आणि त्यांनी लिहिलं: 'डाव उजवीकडे. यात बदल होणार नाही. कडक अंमल व्हावा.' सही, तारीख. चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि डोळे मिटले. तिची पावलं दारातून बाहेर गेली, फोनजवळ जरा रेंगाळली, मग पुढे गेली. सहीसाहेब झोपले.

दुपार कलल्यावर ते जागे झाले तेव्हा पलीकडे मोठी ओढाओढ चालली होती.

"काय चाललंय गं?" त्यांनी भिंतीला विचारलं. मिस्त्रीची सवय आता त्यांनाही लागली होती.

"तुम्ही लिहून दिलंत तेच," भिंत बायकोच्या आवाजात म्हणाली.

पाचव्या दिवशी कमरेला पट्टा बांधून, भिंत धरत धरत, सहीसाहेब स्वयंपाकघराच्या दारात आले. बायको भाजी आणायला खाली गेली होती. मिस्त्री शेवटचा स्क्रू पिळत होता. खोली झकास दिसत होती. खण एका रेषेत, मुठी सरळ, कोपऱ्यातली फळी बोट लावलं की फिरत होती. पण काहीतरी खटकत होतं. सदरा उलटा घातला की आधी कळत नाही, नुसतं कुठंतरी टोचत राहतं, तसं त्यांना दारात उभ्या उभ्या झालं. मग एकदम कळलं.

"मिस्त्री, शेगडी कुठं आहे?"

"ही काय."

"ती तिकडे हवी होती. डावीकडे."

"होती ना डावीकडेच. तुम्ही उजवीकडे करायला लावलीत."

"मी?"

मिस्त्रीने सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढून दिली. सहीसाहेबांनी चष्मा लावला. अक्षर त्यांचं होतं. सही त्यांची होती. 'डावं उजवीकडे. यात बदल होणार नाही. कडक अंमल व्हावा.'

"डावं उजवीकडे," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे डावीकडचं सगळं उजवीकडे. मग उजवं आपोआप डावीकडे येणार. दुसरं जाणार कुठं?"

"अहो, डाव. डाव लिहिलंय मी. ढवळायचा, वाढायचा डाव. खण कुठं घ्यायचा विचारलं होतंत ना?"

"मग टिंब कशाला दिलंत?"

सहीसाहेबांनी टिंबाकडे बघितलं. गोळीच्या गुंगीत पडलं असेल. खसखशीएवढं टिंब, आणि त्याने सगळं स्वयंपाकघर उचलून फिरवून ठेवलं होतं. उंच कपाट डाव्या टोकाला, खण डावीकडे, चिरायची जागा डावीकडे, कपाटांची दारंसुद्धा उलटी उघडत होती.

"करण्याआधी कुणाला विचारायचं तरी."

"ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सहीचा कागद आहे, मी कोण बोलणार."

एकतीस वर्षं लोकांना त्यांनी हेच शिकवलं होतं. "काढा," सहीसाहेब म्हणाले. "सगळं काढा आणि नकाशाप्रमाणे बसवा."

"काढतो की." मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "पण नवी जागा एकदा वापरून झाल्याशिवाय मी काढत नाही. ताई येतायत. एकदा उभ्या राहू द्या."

बायको पिशवी घेऊन आली. दारात क्षणभर थांबली आणि दोघांकडे बघून काहीही न बोलता आत गेली. पिशवी ओट्यावर, कांदे पाटावर. खण ओढून सुरी काढली आणि चिरायला लागली. चिरलेला कांदा सुरीने तसाच उजवीकडे लोटला आणि तो सरळ पातेल्यात गेला. डाव घेतला, ढवळायला लागली. कोपर मोकळ्या हवेत पुढेमागे होत होतं. कशालाच लागत नव्हतं. हे सगळं ती डाव्या हाताने करत होती.

सहीसाहेब बघत राहिले. सुरी डाव्या हातात. डाव डाव्या हातात. झाकणसुद्धा डाव्या हाताने. ती लिहायची उजव्या हाताने, शाळेत बाईंनी पट्टी मारून तसं वळण लावलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. लिहिणं तेवढं त्यांनी पाहिलं होतं, कारण लिहिणं ही त्यांच्या लेखी पाहायची गोष्ट होती. बाकीचं चौतीस वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. तीन दिवस तर ते स्टूल टाकून समोर बसले होते. मीठ एकोणीस वेळा लिहिलं होतं आणि एकोणीसदा मीठ घेणारा हात त्यांना दिसला नव्हता.

मिस्त्रीने जुना लाकडी डाव हळूच त्यांच्या हातात दिला. "लोकांचा या अंगाने झिजतो," तो दरवाजाच्या चौकटीला म्हणाला. "हा त्या अंगाने झिजलाय. तुमची चिठ्ठी आली तेव्हा मला वाटलं, साहेबांनी बरोबर ओळखलं."

पान्याची झीज बघून माणूस ओळखणारे सहीसाहेब त्या झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवत उभे राहिले.

बायकोने वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आता ते कांद्याचं असेलही. "कधी लक्षात आलं हो तुमच्या?" तिने विचारलं.

हा प्रश्न आला तेव्हा खरं बोलायला एक क्षण होता. सहीसाहेबांनी तो क्षण खाकरण्यात घालवला. "असंच," ते म्हणाले. "हळूहळू."

मिस्त्रीने छताकडे बघितलं. छताला त्याने काहीही केलेलं नव्हतं, तरी बराच वेळ बघितलं. मग हत्यारं गोळा केली, चिठ्ठ्यांचा गठ्ठा सहीसाहेबांना परत दिला आणि निघून गेला.

पुढचे दोन दिवस सहीसाहेबांना फार जड गेले. कंबर बरी होती. त्रास कौतुकाचा होता. बायकोने परगावच्या लेकीला फोन करून, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तुझ्या बाबांनी माझा डावा हात ओळखून सगळं फिरवून घेतलं बघ. मला एका अक्षराने बोलले नाहीत." मग फोन त्यांच्याकडे आला आणि लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही असे असाल असं मला खरंच वाटलं नव्हतं." सहीसाहेबांनाही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारीण कपाटं बघायला आली. तिने सगळे खण ओढून बघितले, गोष्ट ऐकली आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "नाहीतर आमचे. मला चष्मा आहे हेसुद्धा त्यांना फोटोत दिसलं." सहीसाहेब फुकटचं खाल्ल्यासारखं तोंड करून खणांच्या मुठी पुसत राहिले.

त्याच दुपारी ते सामान लावत होते. मलमाच्या दोन ट्यूब हाताला लागल्या आणि त्यांना कप्पा सुचेना. रोजचं म्हणावं तर दोन दिवस कुणी लावलं नव्हतं. त्या हातात धरून ते ओट्याला टेकले. चौतीस वर्षं आपण मलमाचा साठा सांभाळला आणि कोपर कशाला लागतंय हे एकदाही विचारलं नाही. आज संध्याकाळी चहाच्या वेळी सगळं कबूल करायचं, असं त्यांनी ठरवलं.

कबुलीला पुरावा हवा म्हणून त्यांनी गठ्ठ्यातून ती चिठ्ठी काढली. पुरावा तपासल्याशिवाय पुढे करायचा नाही ही जुनी सवय, म्हणून ती खिडकीपाशी नेली. अक्षर काळं. सही काळी. टिंब निळं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. निळंच होतं. मग ते फोनपाशी गेले, दोरीला बांधलेल्या पेनने दुधाच्या वहीवर एक टिंब काढलं आणि दोन्ही शेजारी धरली. पहिला आनंद झाला तो निर्दोष सुटल्याचा. आपण चुकलो नव्हतो, आपण डावच लिहिलं होतं. तो आनंद फोनपासून स्वयंपाकघरापर्यंत सहा पावलं टिकला. आत बायको चहा टाकत होती.

"हे टिंब कुणाचं?" सहीसाहेबांनी चिठ्ठी पुढे केली.

"कुठलं?"

"डावावरचं."

तिने कागदाकडे बघितलंही नाही. "माझं," ती म्हणाली. "साखर एकच चमचा ना?"

"म्हणजे हा सगळा डाव तुझा."

"डाव तुमचा. टिंब माझं."

सहीसाहेब स्टुलावर बसले. "म्हणजे माझ्या काही लक्षात आलं नव्हतं, हे तुला माहीत होतं."

"होतं ना."

"आणि तरी लेकीला, शेजारणीला, सगळ्यांना सांगत सुटलीस."

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

"आज सांगणार होतो. चहाच्या वेळी. खरंच."

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तिला ते पटलं असावं. "दोन दिवस लागले," ती म्हणाली. "चौतीसच्या मानाने लवकरच."

"अगं, पण सरळ सांगायचंस की."

"तीनदा सांगितलं. तुम्ही नोंद घेतलीत." तिने चहा गाळला. डाव्या हाताने, एक थेंब न सांडता. "या घरात आले त्याच महिन्यात सासूबाईंनाही विचारलं होतं, शेगडी तिकडे घेऊ का. त्या म्हणाल्या, सवय होईल. झाली सगळ्याची. एका कोपराला तेवढी झाली नाही."

सहीसाहेबांनी कप पुढे ओढला. "आणि मी मलम आणत राहिलो," ते म्हणाले.

"हो. कधी संपू दिलं नाहीत."

हा टोमणा होता की खरंच म्हणाली, हे त्यांना समजलं नाही. बहुधा तिलाही ते दोन्ही म्हणायचं होतं. माफ कर म्हणावं असं त्यांना फार वाटत होतं, पण तो शब्द त्यांनी नोकरीत कधी वापरला नव्हता, आणि सापडेल अशा कप्प्यात तो नव्हता. त्यांनी खिशातलं काळं पेन काढलं.

"सही झालेल्या कागदात कुणी फेरफार केला," ते म्हणाले, "तर त्याच्या शेजारी पुन्हा सही लागते. नाहीतर दुरुस्ती बाद."

"मग करा बाद," ती म्हणाली. पण गाळणी तिने घट्ट धरली होती, हे त्यांनी पाहिलं. आता त्यांना हात दिसायला लागले होते.

त्यांनी कागद ओट्यावर ठेवला, निळ्या टिंबाभोवती काळं वर्तुळ काढलं, शेजारी लिहिलं 'दुरुस्ती मंजूर', आणि खाली सही केली, संपूर्ण, शेपटीसकट. मग तारीख टाकायला पेन टेकवलं.

"आजची नका घालू," बायको म्हणाली.

"मग कधीची?"

"मी या घरात आले त्या दिवसाची घाला."

एकतीस वर्षांच्या नोकरीत सहीसाहेबांनी मागची तारीख एकदाही घातली नव्हती. मॅनेजरने गोडीत सांगितलं तेव्हा घातली नव्हती आणि दमात घेतलं तेव्हाही नाही. त्यांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा तिच्या डाव्या कोपराकडे, आणि लिहिली. दिवस, महिना, वर्ष. आठवावी लागली नाही.

त्यांनी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने ती वाचली, दोनदा वाचली, घडी केली. मग न बघताच बाजूचा खण ओढला आणि डावांशेजारी ठेवून दिली. हात आपोआप तिथं गेला होता.